परदेशात गाडी चालवायची आहे? आधी ठरवा, तुम्ही पाहुणे की रहिवासी

मागच्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर माझा एक जुना विद्यार्थी मशिदीबाहेर भेटला. सावदा-रावेर भागातून केळीची पिकअप चालवतो, हात साफ आहे. म्हणाला, "सर, अम्मी-अब्बांना घेऊन उमऱ्याला चाललोय. जिद्दाला उतरून गाडी भाड्याने घ्यायचा विचार आहे. इंटरनॅशनल लायसन्स पण काढलं."

खिशातून त्याने एक चकचकीत प्लास्टिक कार्ड काढून दाखवलं. त्यावर पृथ्वीचा गोल, त्याचा फोटो आणि मुदत दहा वर्षं. कोणत्या ऑफिसातून घेतलं विचारलं, तर म्हणाला, "ऑनलाइन मागवलं, कुरिअरने घरी आलं. सहा हजार लागले. रियाधला भाईजान आहेत ना, त्यांच्यासाठी पण एक काढून ठेवतो."

त्याची नियत चांगली होती, पैसे मात्र वाया गेले होते. शिवाय दोन चुका एकाच वेळी होत होत्या. त्याच्या हातातलं कार्ड खरं नव्हतं, आणि खरं असतं तरी त्याच्या भाईजानला त्याचा काही उपयोग नव्हता. आपल्या फैजपूर, सावदा, यावल, भुसावळ भागातल्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी आखाती देशात आहे, आणि उमऱ्याला जाणाऱ्यांची संख्याही कमी नाही. म्हणून हा विषय जरा सविस्तर समजून घेऊ.

परमिट म्हणजे लायसन्स नव्हे

लोक ज्याला "इंटरनॅशनल लायसन्स" म्हणतात, त्याचं खरं नाव आंतरराष्ट्रीय वाहन चालक परवाना, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. आपण त्याला सोयीसाठी आयडीपी म्हणू. हे स्वतंत्र लायसन्स नाही. तुमच्याकडे भारताचं पक्कं लायसन्स आहे आणि त्यावर अमुक प्रकारची गाडी चालवायची परवानगी आहे, एवढंच ते वेगवेगळ्या भाषांमध्ये सांगतं. शाळेच्या भाषेत सांगायचं तर मार्कशीटचा तर्जुमा. मूळ मार्कशीट नसेल तर तर्जुम्याला किंमत नाही. म्हणून परदेशात गाडी चालवताना आयडीपी आणि मूळ भारतीय लायसन्स, दोन्ही जवळ लागतात. मोबाईलमधल्या डिजिलॉकरवर आपल्याकडचा पोलीस समाधानी होईल, परदेशातला होईलच असं नाही. कार्ड सोबत ठेवा.

ही पद्धत 1949 च्या जिनिव्हा करारातून आली आहे. रस्ते वाहतुकीबाबत अनेक देशांनी मिळून केलेला हा करार आहे आणि भारत त्यात आहे. या कराराप्रमाणे आयडीपीची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. तुमचं मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल, तर आयडीपीही त्याच दिवशी संपतं. पुढे 1968 मध्ये व्हिएन्नाला दुसरा करार झाला. त्यात तीन वर्षांपर्यंतचं परमिट असतं, पण भारताचं आयडीपी जिनिव्हा करारावर चालतं.

यातून खोटं कार्ड ओळखायची सोपी खूण मिळते. कोणी तुम्हाला भारतीय लायसन्सवर तीन, पाच किंवा दहा वर्षांचं "इंटरनॅशनल लायसन्स" देत असेल, तर ते घेऊ नका. भारतात असं परमिट निघतच नाही. खरं आयडीपी प्लास्टिक कार्ड नसून छोट्या पुस्तिकेसारखं असतं. 2022 मध्ये केंद्र सरकारने देशभर त्याचा एकच नमुना ठरवला आणि त्यावर क्यूआर कोड आणला, म्हणजे ते कोणत्या लायसन्सवर दिलं आहे हे तपासता येतं.

पाहुणा की रहिवासी?

आयडीपी लागतं का, असं विचारलं तर सगळ्या देशांसाठी एक उत्तर देता येत नाही. पण एक प्रश्न स्वतःला विचारला की निम्मा गोंधळ मिटतो. त्या देशात मी पाहुणा आहे की रहिवासी?

माझा विद्यार्थी काही दिवसांसाठी चालला होता, म्हणजे पाहुणा. सौदी अरेबियात पाहुणा म्हणून आलेल्याला आंतरराष्ट्रीय परमिट किंवा मान्य असलेल्या परदेशी लायसन्सवर जास्तीत जास्त एक वर्ष, किंवा त्या कागदाची मुदत संपेपर्यंत गाडी चालवता येते. कागदावर असं असलं तरी गाडी द्यायची की नाही हे भाड्याच्या काउंटरवरचा माणूस ठरवतो, आणि भारतीय लायसन्ससोबत तो बहुतेक वेळा आयडीपी मागतो. ते नसेल तर अम्मी-अब्बांना घेऊन विमानतळावर खोळंबायची वेळ येते.

भाईजानचं तसं नाही. त्यांच्याकडे इकामा आहे, म्हणजे ते रहिवासी झाले. रहिवाशाला तिथलंच लायसन्स काढावं लागतं. भारतातून दरवर्षी नवं आयडीपी मागवून सौदीत किंवा दुबईत नोकरी करताना गाडी चालवणं हा रस्ता नाही. संयुक्त अरब अमिरातीतही असंच आहे. व्हिजिट व्हिसावर आलेला भारतीय आयडीपीवर गाडी चालवू शकतो. रेसिडेन्स व्हिसा लागला की तिथलं लायसन्स पाहिजे, आणि त्यासाठी तिथली परीक्षा द्यावी लागते.

ड्रायव्हर म्हणून नोकरीला जाणाऱ्या पोरांनी तर हे नीट लक्षात ठेवावं. "इंटरनॅशनल लायसन्स काढ, लगेच कामाला लागशील," असं एखादा एजंट सांगत असेल, तर तो तुमच्याकडून जास्तीचे पैसे काढतोय असं समजा. हाऊस ड्रायव्हरच्या व्हिसावर गेलात तरी लायसन्स तिथे पोहोचल्यावर, इकाम्यावरच निघतं. तो खर्च कफील करणार की तुम्ही, हे जाण्याआधी करारात लिहून घ्या. एजंट सरकारमान्य आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं.

आपल्या बहिणींसाठी एक गोष्ट. 24 जून 2018 पासून सौदी अरेबियात महिलांना गाडी चालवायला परवानगी आहे. पाहुणा-रहिवाशाचा नियम त्यांनाही तसाच लागतो.

बाकी देशांचं काय?

ब्रिटनमध्ये आयडीपीशिवाय चालतं. तिथे शिकायला किंवा कामाला गेलेला आपला माणूस भारताच्या पक्क्या लायसन्सवर 12 महिने कार चालवू शकतो. त्यानंतर तिथलं लायसन्स काढावं लागतं. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे आहेत. आपलं लायसन्स इंग्रजीत असल्याने बऱ्याच ठिकाणी अडत नाही, तरी आयडीपी जवळ असलेलं बरं. जर्मनीत भारतीय लायसन्ससोबत आयडीपी किंवा मान्यताप्राप्त भाषांतर लागतं, आणि तिथे राहायला गेल्यावर सहा महिन्यांनी आपलं लायसन्स चालत नाही. जपानमध्ये जिनिव्हा कराराचंच आयडीपी लागतं, ते आपल्याकडे मिळतं. चीनमध्ये उलट, तिथे कोणाचंच आयडीपी चालत नाही, तिथलं लायसन्स काढावं लागतं. थायलंडला फिरायला गेलेली पोरं स्कूटर भाड्याने घेतात. तिथे आयडीपी पाहिजे आणि त्यावर मोटारसायकलचा वर्ग नोंदलेला पाहिजे.

हा वर्गाचा मुद्दा सगळीकडे लागू आहे. तुमच्या लायसन्सवर फक्त गिअरची मोटारसायकल असेल, तर आयडीपीवरही तेवढंच येईल, कार येणार नाही. लर्निंग लायसन्सवर तर आयडीपी मिळतच नाही.

खरा धोका विम्याचा

कोणी म्हणेल, एवढं कोण तपासतं? चार दिवस चालवायची, परत यायचं. रस्त्यावर तुम्हाला कोणी थांबवणार नाही, असंही होऊ शकतं. पण अपघात झाला की पहिल्यांदा हेच तपासतात. चालवणाऱ्याकडे त्या देशात चालणारा कागद नसेल, तर भाड्याच्या गाडीचा विमा हात वर करतो. मग समोरच्याच्या गाडीचं, दवाखान्याचं, सगळं तुमच्या अंगावर. कोणाचा जीव गेला तर सौदीत दियतचा प्रश्न उभा राहतो. ती रक्कम भरणं साध्या कुटुंबाच्या हातात नसतं, आणि मामला निकाली निघेपर्यंत देश सोडता येत नाही. उमऱ्याला गेलेले आई-वडील परतणार आणि मुलगा तिथे अडकणार, ही वेळ कोणावर येऊ नये.

म्हणून गाडी घेताना करारात ज्याचं नाव आहे त्यानेच ती चालवावी. "थोडा वेळ तू घे," असं म्हणून भावाच्या हातात स्टिअरिंग दिलं, की विमा तिथेच संपला. व्हिसा हाही एक करारच आहे. त्या देशाचे नियम पाळायचं आपण कबूल करून आत जातो, आणि दिलेला शब्द पाळायचं आपल्या दीनने आपल्याला शिकवलं आहे.

आयडीपी कसं काढायचं?

आयडीपी आरटीओकडून मिळतं. आपल्या भागासाठी ते जळगावला. अर्ज केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर सारथी विभागात करायचा. राज्य महाराष्ट्र निवडून, लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की आयडीपीचा पर्याय मिळतो. फॉर्म 4-ए भरायचा. लायसन्स, पासपोर्ट आणि फोटो लागतात. सरकारी फी 1000 रुपये आहे, वर थोडं सेवा शुल्क येऊ शकतं. कागद तपासायला बोलावलं, तर मूळ कागद घेऊन जा. काही देशांत व्हिसा तिथे उतरल्यावरच मिळतो. ही अडचण ओळखून सरकारने 2021 मध्ये अर्जाच्या वेळी व्हिसा आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट दाखवायची अट काढली. परदेशात असताना आयडीपीची मुदत संपली, तर तिथल्या भारतीय दूतावासामार्फत अर्ज करायची सोयही त्याच वर्षी झाली.

आता आपल्या घरांची खास अडचण. नावं! पासपोर्टवर "मोहम्मद" पूर्ण, लायसन्सवर "मो." एवढंच. एकीकडे "शेख" आधी, दुसरीकडे शेवटी. सय्यदचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं. वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे, दुसरीकडे नाही. इथे खपून जातं, कारण सगळे ओळखतात. परदेशातल्या काउंटरवर मात्र पासपोर्टवरचा माणूस आणि लायसन्सवरचा माणूस वेगळे ठरतात. म्हणून आयडीपीचा अर्ज करण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून एक-एक अक्षर जुळवा. फरक असेल तर पासपोर्टप्रमाणे आधी लायसन्स दुरुस्त करा, मग आयडीपी. या कामाला वेळ लागतो, म्हणून तिकीट हातात येण्याची वाट बघू नका.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या कागदांतही हाच घोळ निघाला. पासपोर्टवर शेख शेवटी, लायसन्सवर सुरुवातीला. आता त्याने दुरुस्तीचा अर्ज टाकला आहे, आणि भाईजानसाठी कार्ड मागवायचं रद्द केलं. त्याला मी आणखी एक सांगितलं. सौदीत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, आपल्या उलट. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोडवर कितीही वर्षं गाडी चालवली असली, तरी गोल चौकात पहिल्या दिवशी डोकं गोंधळतंच. त्यात रात्रभराचा प्रवास आणि मागे बसलेले म्हातारे आई-वडील. मक्का ते मदिना साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि 2018 पासून हरमैन रेल्वेही धावते.

थोडा विचार करून तो म्हणाला, "मग सर, मक्का-मदिना ट्रेननेच करतो. परमिट निघालं तर मदिनेत जियारतीला फिरायला एक दिवस गाडी घेईन." मला हा बेत पटला. अल्लाह त्यांचा उमरा कबूल करो.