मिसळणाच्या डब्यातला हिंग

पेसाख हा आम्हा ज्यूंचा सण आला की पाव, बिस्किटं, शेवया घराबाहेर काढा, हे कुणाला सांगावं लागत नाही. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं पीठ भिजवून तसंच १८ मिनिटं राहिलं, की ते आंबलं असं धरतात. हेच हामेत्स. बिअर आणि व्हिस्कीही त्यातच. गहू घालून केलेला सोया सॉससुद्धा. पण खरी मेख असते मिसळणाच्या डब्यात.

मी मूळची अलिबागकडची बेने इस्रायल, आता अश्दोदला असते. हिंगाशिवाय आमच्या आमटीला चव नाही. हिंगाचा मूळ चीक मात्र फार उग्र, म्हणून तो डिंक आणि बहुधा मैदा मिसळून बांधतात. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, वाचतो कोण? बरं, एरवी वर्ज्य पदार्थ चुकून पडला आणि साठात एक भागाहून कमी असला, तर बऱ्याचदा निभावून जातं. पेसाखात हामेत्सला ती सूट नाही. म्हणजे चिमूटभर हिंगाने अख्खं पातेलं गेलं.

मोहरीची गोष्ट वेगळी. माझ्या सुनेचं माहेर पोलंडकडचं, अश्केनाझी. त्यांच्यात तांदूळ, मका, डाळी, तीळ, मोहरी, सगळं बंद. तेराव्या शतकात फ्रान्सकडे हा रिवाज दिसू लागला. या दाण्यांत गहू मिसळलेला असायचा, पिठंही सारखीच दिसायची. आम्ही भात खातो, पण तांदूळ ताटात पसरून तीनदा निवडतो, गव्हाचा एखादाही दाणा राहू नये म्हणून. ‘तांदूळ आंबत नाही, तो नासतो,’ असा तालमूद या आमच्या धर्मग्रंथाचा निवाडा. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवणाऱ्या माझ्या आजीला हे कोण पटवणार होतं!

शिवाय अश्केनाझींना मोहरी फक्त खायला मना आहे, घरात ठेवायला नाही. हामेत्स मात्र मालकीचंही चालत नाही. म्हणून हिंगाची डबी व्हिस्कीच्या बाटलीशेजारी कपाटात जाते, कपाटाला चिकटपट्टी लागते आणि आतला माल रब्बीमार्फत रीतसर कागद करून एका बिगरज्यू गृहस्थाला विकला जातो. सण संपला की रब्बी तो परत विकत घेतात.

सुनेसाठी बटाट्याची भाजी करते. फोडणीला आलं, मिरची, कढीपत्ता. हिंग-मोहरी नाही म्हणून नवरा कुरकुरतो. ती मात्र दोनदा वाढून घेते.