पुणें ओलांडणारी गाडी

रविवारचीं दुपारचीं जेवणें आटोपलीं, कीं आमच्या रहिमतपुरांतील पुष्कळ घरांत एकच देखावा दिसूं लागतो. आई डब्यांत पोळ्या व मेतकूट भरून देते, आजी देवापुढला अंगारा लावतात, आणि चिरंजीव पिशवी खांद्यास अडकवून घड्याळाकडे पाहत उंबऱ्यांत उभे राहतात. त्यांस सोमवारीं सकाळीं चिंचवडास, आकुर्डीस किंवा तळेगांवास कामावर हजर व्हावयाचें असतें. स्टेशन गांवाला लागून नाहीं. तेव्हां कोणीतरी धाकटा भाऊ मोटारसायकलीवरून पोंचवावयास जातो. गाडी एकदांची मिळाली, म्हणजे पुण्यापर्यंतचा प्रवास बरा होतो. खरी तारांबळ पुढें. हातांत ओझें, पुण्याचा जिना, दुसरा फलाट, लोणावळ्याच्या लोकलची वाट. आणि ती लोकल, पुष्कळदां, नुकतीच सुटलेली!

आमच्या घरांतील वडील मंडळी यावर एक भोळा प्रश्न नेहमीं विचारतात : “रूळ तर पुढें गेलेलेच आहेत ना? मग गाडी पुण्यासच कां संपते?” प्रश्न भोळा खरा, पण शहरांतील रेल्वेची योजना करणारे तज्ज्ञ गेलीं शंभर-सव्वाशें वर्षें निरनिराळ्या देशांत हाच प्रश्न सोडवीत आले आहेत, आणि म्हणून वाचकांनीं तो हंसण्यावारी नेऊं नये अशी आमची विनंति आहे.

प्रथम जागेची रचना पाहूं. मिरजेकडून सांगली, कऱ्हाड, रहिमतपूर, कोरेगांव, लोणंद, जेजुरी असा येणारा मार्ग घोरपडीजवळ दौंडच्या मुख्य मार्गास मिळतो, आणि गाडी पूर्वेकडून पुणें स्टेशनांत शिरते. लोणावळ्याचा मार्ग पश्चिमेकडे निघतो. म्हणजे आमच्या बाजूची गाडी शिवाजीनगर, खडकी, पिंपरी, चिंचवडकडे न्यावयाची तर तिला उलटें फिरविण्याची मुळींच गरज नाहीं. ती नाकासमोर चालती झाली कीं पुरे. कोल्हापूरहून मुंबईस जाणाऱ्या कोयना व महालक्ष्मी या गाड्या तशाच जातात. मात्र त्यांच्या वेळा मुंबईच्या सोयीनें बांधलेल्या आहेत. एक पुण्यास येते ती दुपार टळल्यावर, दुसरी अपरात्रीं. कचेरीच्या अथवा कारखान्याच्या वेळेशीं दोघींचाही संबंध नाहीं. उलट, ११ मार्च १९७८ रोजीं सुरू झालेली लोणावळ्याची लोकल कामकऱ्यांच्या वेळा सांभाळते, परंतु तिची धांव पुण्याच्या अलीकडेच थांबते. एकाच घराचीं दोन दालनें असावीं आणि मधल्या दारास कुलूप असावें, तसा हा प्रकार आहे.

पूर्वीं या दाराची आवश्यकता भासली नाहीं, कारण पूर्वीं काम स्टेशनाकडे येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेनें हा मार्ग लहान रुळांवर बांधला. पुढें १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या उजाड माळावर नांगरांचा कारखाना काढला, आणि स्टेशनाचें नांवच किर्लोस्करवाडी झालें. कऱ्हाड स्टेशनाशेजारीं ओगले बंधूंचा कांचकारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील आमच्या लहानपणीं माजघरांतील खुंटीवर टांगलेला असे. कच्चा माल गाडीनें येई, पक्का माल गाडीनें जाई, आणि माणूस पायीं घरीं परते. पुढल्या पिढ्यांत कारखाने पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यांत एकवटले, आणि मालाऐवजीं माणसांनाच वाहून नेण्याची पाळी आली. १९७१ च्या सुमारास रूळ रुंद झाले, साताऱ्याचें स्टेशन सातारा रोडहून माहुलीजवळ आलें. वेळापत्रकाची दृष्टि मात्र दूरच्या प्रवाशाचीच राहिली.

आतां योजना करणाऱ्याची बाजू ऐकावयास हवी. गाडी पुण्यास संपविणें त्याला सोयीचें वाटतें, कारण एका बाजूचा गोंधळ दुसऱ्या बाजूस पोंचत नाहीं. आमचा मार्ग फार वर्षें एकेरी होता. समोरून गाडी आली कीं एकीनें बाजूच्या रुळावर उभें राहावयाचें. त्यांत शिंदवण्याचा व आदर्कीचा हे दोन घाट. अशा ठिकाणीं उशीर झालेली गाडी आरपार नेली, तर तिच्यामुळें देहूरोडच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचीही गैरहजेरी लागेल. हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु त्याची दुसरी बाजूही हिशेबांत धरली पाहिजे. पुण्यास संपणारी गाडी फलाट अडवून बसते : माणसें उतरावयाचीं, गाडी झाडावयाची, चालकानें दुसऱ्या टोकास जावयाचें, परतीची वेळ होईतों थांबावयाचें. समजा यांत पंचवीस मिनिटें गेलीं. आरपार जाणारी गाडी तोच फलाट पांच मिनिटांत मोकळा करते, म्हणजे एका गाडीच्या जागेंत पांच गाड्या मावतात. शिवाय पूर्वेकडील गाडीची विश्रांति व पश्चिमेकडील गाडीची विश्रांति अशा दोन विश्रांति वांचून, त्याच डब्यांत अधिक फेऱ्या निघतात. जागा मिळावयास कठीण अशा शहरांत नवे फलाट बांधण्यापेक्षां आहेत तेच लवकर मोकळे करणें, हें कोणाही संसारी माणसास पटण्यासारखें आहे.

बर्लिन शहरानें १८८२ सालींच शहराच्या मधून उंचावरचा मार्ग बांधून पूर्व-पश्चिम गाड्या जोडल्या. म्युनिचनें १९७२ सालीं भुयार खणून दोन टोकांचीं स्टेशनें एक केलीं. लंडनकरांस तेंच करावयास २०२२ साल उजाडलें, आणि खर्च अफाट आला. आपल्या मुंबईंतही हार्बरच्या गाड्या माहीमजवळ पश्चिम रेल्वेच्या बाजूस शिरून अंधेरीपर्यंत, आणि २०१८ पासून गोरेगांवपर्यंत, जातात. त्या सर्वांस भुयारें, पूल, जोडमार्ग बांधावे लागले. पुण्यास रूळ आधींच जुळलेले आहेत! मिरज मार्गावर विजेच्या तारा आल्या आहेत, दुसरा रूळही टप्प्याटप्प्यानें पडत आला आहे. दौंडकडे तर वीज २०१७ सालींच पोंचली. उरलें आहे तें वेळापत्रकाचें काम.

तथापि या भरांत कोणी रहिमतपुरास पुण्याचें उपनगर करूं पाहील, तर आम्ही त्याला विरोध करूं. दीडशें किलोमीटरांहून अधिक अंतर रोज जाऊन-येऊन काटणें हा माणसाच्या देहाचा छळ आहे. रोजची लोकल लोणावळ्याहून पुणें ओलांडून जेजुरी-निरेपर्यंत यावी. तेथवर ती शोभेल. आमची मागणी निराळी व लहान आहे. सोमवारीं पहाटे चारच्या सुमारास रहिमतपूर सोडणारी, थोडींच स्टेशनें घेणारी, पुण्यास पांच मिनिटें थांबून चिंचवडावरून तळेगांवास जाणारी एक गाडी. आणि शुक्रवारीं किंवा शनिवारीं कामें सुटल्यावर तीच परत.

मेट्रो झाली आहे, मग ही कशास, असें कोणी म्हणेल. मेट्रो उत्तमच आहे. आम्हीं तिनें प्रवास केला आहे. परंतु पुणें स्टेशनावरून पिंपरीस जावयाचें तर जिल्हा न्यायालयापाशीं पुन्हा गाडी बदलावी लागते, आणि पिंपरीच्या पुढें आकुर्डी-तळेगांव उरतेंच. ओझें नसलेल्या पुणेकरास बदलणें जड नाहीं. पोटाशीं डबा धरून आलेल्यास तें जड जातें.

जिल्ह्यांतल्या जिल्ह्यांत सांगली-कऱ्हाड-सातारा अशी कॉलेज-कचेरीच्या वेळेची गाडी, आणि तिला माहुलीस जोडून शहरांत नेणारी मोटार, हाही विषय महत्त्वाचा आहे. पण तो स्वतंत्र लेखाचा आहे.

परवां आम्हीं हा सर्व विचार घरांत वाचून दाखविला. चिरंजीवांनीं फलाटांच्या हिशेबांत एक चूक काढली, ती दुरुस्त केली आहे. आजींनीं हिशेब ऐकला नाहीं. पहाटे चारची गाडी म्हणजे रविवारची रात्र तो घरींच राहणार, एवढेंच त्यांनीं नीट विचारून घेतलें, आणि मग म्हणाल्या, “तर मग रविवारीं रात्रीं एक पान अधिक मांडावयाचें ना?”