गाय उतरते, दृष्ट टिकते

राहुरी-संगमनेर पट्ट्यातल्या गोठ्यांत हे नेहमी ऐकू येतं. संकरित गाय व्याली, दूध वाढत वाढत दिवसाला 20-25 लिटरवर गेलं. सोयरेधायरे आले, कास पाहून म्हणाले, "काय जनावर आहे हो!" आणि पंधरवड्यात दूध उतरलं. घरातली म्हातारी लगेच निदान करते, "दिष्ट लागली." मग गाईच्या गळ्यात काळा दोरा येतो, त्यात कवडी नाहीतर बिब्बा.

पाहुणे आले हे खरं, दूध उतरलं हेही खरं. चुकतो तो दोहोंना जोडणारा दुवा. गाईचं दूध व्यायल्यानंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी सर्वांत जास्त असतं. तिथून पुढे ते आटेपर्यंत हळूहळू कमीच होत जातं. आता कौतुक कधी होतं ते पाहा. दूध भरात असतानाच. म्हणजे पाहुणे आले नसते, तरी उतार ठरलेलाच होता. त्यातून जास्त दुधाच्या गाईला कासदाहाचा धोकाही जास्त. सुप्त कासदाहात तर कास वरून धडधाकट दिसते, फक्त दूध घटतं. दिसणारं कारण नसलं की न दिसणारं शोधलं जातं.

डाळिंबाच्या बागेचंही असंच. बाग फळांनी लगडली की रस्त्याने जाणारा थांबून बघतो. त्याच सुमारास ढगाळ, दमट हवा पडली की तेल्या येतो आणि फळांवर काळे डाग पडून ती तडकतात. तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग आहे. तो किडक्या-मोडक्या बागेतही येतो, पण तिथे दृष्टीचं नाव कुणी काढत नाही. रोडक्या गाईचं दूध आटलं तरी कुणाच्या नजरेवर खापर फुटत नाही. आपल्या आठवणीत जमा होतात ती फक्त "कौतुक झालं आणि बिघडलं" अशी उदाहरणं. कौतुक होऊनही काही न बिघडलेले शेकडो दिवस कुणी मोजत नाही.

आता घरात येऊ. बारशाला घर माणसांनी भरतं, बाळ या हातातून त्या हातात फिरतं आणि तिन्हीसांजेला रडून रडून लाल होतं. पहिल्या दीड-दोन महिन्यांत तान्ह्यांचं रडणं वाढत जातं, संध्याकाळी जास्त, आणि तीन-चार महिन्यांनंतर ते आपोआप कमी होतं. आजी मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन बाळावरून उतरवते आणि चुलीत टाकते. तोवर घर शांत झालेलं असतं, बाळ आईच्या मांडीवर असतं, रडून थकलेलंही असतं. ते झोपतं. श्रेय मिरच्यांना मिळतं.

या मिरच्यांची परीक्षा बारकाईने पाहण्यासारखी आहे. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती, असं मानतात. प्रत्यक्षात मिरची निखाऱ्यावर धुमसली तर तिचा तिखट धूर घशाला झोंबतो. ती भडक जाळात पडली, किंवा चुलीचा धूर नीट वर ओढला जात असला, तर ठसका लागत नाही. मीठ तडतडतं ते खड्यात अडकलेलं पाणी तापून खडा फुटतो म्हणून. मोहरी उडते ती आतल्या ओलाव्याची वाफ होते म्हणून. काही घरांत तुरटी उतरवून निखाऱ्यावर टाकतात आणि तिच्या आकारात नजर लावणाऱ्याचा चेहरा शोधतात. तुरटीच्या वजनात 45 टक्के पाणीच असतं. तापल्यावर ते उडून जाताना तुरटी लाहीसारखी वेडीवाकडी फुगते. त्या आकारात डोळे-नाक दिसतं, कारण माणसाचं मन ढगातही चेहरा शोधतं. ठसका लागला काय, न लागला काय, दृष्ट कधी खोटी ठरतच नाही. अशी समजूत मोडायची कशी?

शिवाय उपाय स्वस्त आहे. शनिवारी दुकानाच्या दारात लिंबू-मिरची टांगायला कितीसा खर्च येतो? आणि ती टांगणारा शटरला कुलूपही लावतोच. नेवासा तालुक्यातलं शनिशिंगणापूर शनिदेवावरच्या श्रद्धेपोटी घरांना दारं नसण्यासाठी प्रसिद्ध. तिथे 2011 मध्ये युको बँकेने कुलपाविना शाखा उघडली, पण रोकड राखण्याची व्यवस्था केलीच. श्रद्धा आणि खबरदारी एकत्र नांदतात, म्हणूनच श्रद्धेची खरी परीक्षा क्वचितच होते.

हे काही फक्त आपल्याकडचं नाही. मानववंशशास्त्रज्ञ जॉन रॉबर्ट्स यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 186 समाजांपैकी 67 समाजांत दृष्टीची कल्पना आढळली. जिथे गुरं, दूध, शेती आणि संपत्तीतली तफावत होती, तिथे ती अधिक दिसली. हेवा वाटावा असं शेजारी दिसलं की हेव्याची भीतीही येते.

आजीच्या पुटपुटण्यात आल्यागेल्यांपासून घरच्यांपर्यंत सगळ्यांची दृष्ट निघते, अगदी आईचीही. दोष सगळ्यांवर वाटला जातो, त्यामुळे तो कुणा एकावर बसत नाही. तो एकावर बसला की गोष्ट गंभीर होते, आणि ती बहुतेकदा बसते मूल नसलेल्या बाईवर किंवा विधवेवर. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर आलेल्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने नेमकं हेच हेरलं. एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने जनावराचं दूध कमी करते असं भासवणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड.

तेव्हा मीठ-मोहरी उतरवायची असेल तर उतरवा. पण बिब्बा बाळाच्या अंगाला लावू नका, त्याच्या तेलाने कातडीला फोड येतात. तान्ह्याला ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाईचं दूध अचानक घटलं तर पशुवैद्याकडून कास आणि दूध तपासून घ्या. आणि काहीही झालं तरी दृष्टीपायी शेजारणीचं नाव घेऊ नका.