रायफलीचे माप

रायफल घेऊ पाहणारा मनुष्य बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो असा की, सर्वांत जोरकस कोणती? हा प्रश्नच उफराटा आहे. कारखान्यात नव्याने लागलेला पोरगासुद्धा आधी काम पाहतो आणि मग हत्यार उचलतो. सोनाराच्या दुकानात लोहाराचा घण काय कामाचा?

प्रथम मापाचा अर्थ पाहू. कॅलिबर म्हणजे नळीचा आतील व्यास. ०.२२ म्हणजे इंचाचे बावीस शतांश, सुमारे ५.६ मिलिमीटर, ०.३०३ म्हणजे ७.७ मिलिमीटर. परंतु एवढ्यावरून गोळीचा जोर कळत नाही. वजन दुप्पट केले तर जोर दुप्पट होतो. वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून ०.२२ चे साधे काडतूस आणि ०.२२३ चे काडतूस यांच्या गोळ्यांची जाडी जवळजवळ सारखी असूनही पहिलीचा जोर दीडशे ज्यूलच्या आसपास, तर दुसरीचा सतराशेच्या आसपास भरतो. ही सारी करामत मागच्या दारूची. तेव्हा नुसता आकडा न पाहता काडतुसाचे पूर्ण नाव पाहावे. ज्या काडतुसासाठी नळी बनविली आहे, त्याखेरीज दुसरे तीत घालणे हा जिवाशी खेळ होय.

शिकारीत मापाचा प्रश्न दयेचा असतो. इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या कायद्याने मोठ्या जातीच्या हरणांसाठी किमान ०.२४० इंच माप आणि १,७०० फूट-पौंड जोर ठरवून दिला आहे. जनावर जागीच पडावे, जखमी होऊन रानात तडफडू नये, हा त्यामागील हेतू. पण माप वाढवीत गेले की धक्काही वाढतो. खांद्याला तो सोसवला नाही तर घोडा दाबतानाच मनुष्य बिचकतो आणि गोळी भलतीकडे जाते.

अर्धवट लागलेल्या गोळीची किंमत कुमाऊँने मोजली आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. तिचे उजवीकडचे दोन सुळे जुन्या गोळीने मोडलेले होते. नेहमीची शिकार धरवेना म्हणून ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेट यांनी लिहून ठेवले आहे. या कामगिरीबद्दल त्यांना भेट मिळालेली रायफल ०.२७५ ची, म्हणजे ७ मिलिमीटरची होती. मोठ्या शिकारीच्या भारी मापांपुढे ती लहानच. परंतु डोंगर चढणाऱ्याच्या हातात हलकी आणि नेमाला पक्की.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीची वाट बंद होत गेली, आणि ते योग्यच झाले. उरला नेमबाजीचा खेळ. तेथे जोराचे काय काम? कागदाला भोक पडले की पुरे! दहा मीटरवर ४.५ मिलिमीटरची हवेची रायफल चालते. तिच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. पन्नास मीटरवर ०.२२ चालते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे हे रेल्वेत तिकीट तपासनीस असताना, १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळविले ते याच लहानग्या मापावर.

कामकरी घरातील मुलाच्या दृष्टीने आणखी एक हिशेब आहे. रायफल एकदा घ्यावी लागते. काडतुसे रोज लागतात, आणि सरावावाचून नेम बसत नाही. हवेच्या रायफलीचा छर्रा सर्वांत स्वस्त, त्यानंतर ०.२२, मोठ्या मापाची काडतुसे पगारात बसणारी नव्हेत. यास्तव आरंभ क्लबमधील हवेच्या रायफलीवर करावा, हात बसल्यावर रीतसर परवान्याच्या मार्गाने ०.२२ कडे जावे. आणि ज्या गावात असा क्लब नाही, तेथील नगरपालिकेकडे व कामगार कल्याण केंद्राकडे चार सामाईक रायफली व एक सुरक्षित मैदान मागावे. मागणी मोठी नाही. मागणारे मात्र पुष्कळ हवेत.