पाचशेची नोट बोटांतून का निसटते?

कट्ट्यावरचा जुना खेळ आहे. पाचशेची नोट उभी धरायची. समोरच्याने अंगठा आणि तर्जनी नोटेच्या मधोमध, पण स्पर्श न करता ठेवायची. ‘पकडलीस तर तुझी’ म्हणत नोट सोडायची. ती बहुतेक वेळा निसटते आणि हरणारा वेंधळा ठरतो.

खरे तर दोष त्याचा नसतो. नोट १५ सेंटिमीटर लांब. बोटे मध्यावर असतील तर नोट निसटायला ७.५ सेंटिमीटर पडणे पुरते आणि त्याला लागतात जेमतेम ०.१२ सेकंद. डोळ्यांनी पाहून बोटे मिटायला मात्र साधारण ०.२ सेकंद लागतात.

जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात नोटेच्या जागी ३० सेंटिमीटरची फुटपट्टी येते. मनगट टेबलाच्या कडेवर टेकवायचे, पट्टीचा शून्य अंगठ्याच्या वरच्या कडेशी ठेवायचा. जोडीदार न सांगता पट्टी सोडतो. जिथे पकडली, तो आकडा म्हणजे अंतर. मीटरमधल्या या अंतराच्या दुपटीला ९.८ ने भागून वर्गमूळ काढले की वेळ मिळतो. १० सेंटिमीटर म्हणजे ०.१४ सेकंद, २० सेंटिमीटर म्हणजे ०.२० सेकंद. अंतर निम्मे झाले तरी वेळ निम्मा होत नाही. इथे बरेच विद्यार्थी फसतात.

दुसरी चूक वहीत हमखास दिसते: ‘ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे.’ नाही! गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो, तेव्हा आदेश मज्जारज्जूतूनच परततो. पट्टीच्या वेळी दृष्टिपटलावरचा संदेश मेंदूच्या मागच्या भागात जातो, ‘पकड’ असे ठरते, मग आदेश मज्जारज्जूतून हाताच्या स्नायूंपर्यंत उतरतो. चेतासंदेशालाही वेळ लागतो, हे हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतातंतूवर मोजून दाखवले. वेग निघाला सेकंदाला सुमारे ३० मीटर.

आता खरी गंमत. एखाद्याची पट्टी ५ सेंटिमीटरवर सापडते आणि वर्गात टाळ्या पडतात. तो वेळ होतो ०.१० सेकंद. हा चपळपणा नसून बहुधा अंदाज असतो. जोडीदाराचा खांदा हलला, श्वास थांबला किंवा तो दरवेळी तीन मोजून सोडतो हे कळले, की बोटे आधीच मिटू लागतात. म्हणून दर खेपेला कमी-जास्त थांबायचे आणि दहा वेळा मोजून सरासरी घ्यायची.

अॅथलेटिक्समध्येही हाच तर्क लावतात. बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत हालचाल झाली तर ती चुकीची सुरुवात. डेव्हन अॅलन २०२२ च्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीतून बाद झाला, तेव्हा त्याचा वेळ होता ०.०९९ सेकंद. ही रेषा नेमकी कुठे आखावी, यावर वाद आहेच.

‘चहाने प्रतिक्रिया वेगवान होते का?’ हाही विद्यार्थ्यांचा लाडका प्रकल्प. आधी दहा वेळा, चहानंतर दहा वेळा. आकडे सुधारतात आणि श्रेय चहाला जाते. पण तोवर हाताला सरावही झालेला असतो! अर्ध्या वर्गाला फक्त पाणी द्या, मग तुलना करा. मोबाइलवरच्या चाचण्यांवरही फार विसंबू नका. नेहमीचा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो, म्हणजे चित्र दिसण्यातच १७ मिलिसेकंदांपर्यंत उशीर होऊ शकतो. बोटाचा स्पर्श ओळखायला लागणारा वेळ वेगळाच.

याच आकड्याच्या जोरावर कुणी ‘माझा ब्रेक लगेच लागतो’ म्हणत असेल, तर त्याला आणखी एक प्रयोग करायला सांगा. जोडीदाराने दोन हातांत दोन पट्ट्या धरायच्या आणि कोणतीही एकच सोडायची. कोणती ते ओळखून त्याच बाजूचा हात मिटायचा. वेळ लगेच वाढतो, कारण आता निवड करावी लागते. रस्त्यावर तर काय पडणार, कधी पडणार, हेच माहीत नसते. तिथे प्रतिक्रियेला एक ते दीड सेकंद सहज लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी ब्रेक दाबला जाण्याआधीच १७ ते २५ मीटर पुढे गेलेली असते. वर्गातल्या ०.२ सेकंदात ती जेमतेम साडेतीन मीटर गेली असती.

आणि गाडी चालवताना फोनवर बोलणारा घरात असेल, तर त्याला सतराचा पाढा मोठ्याने म्हणत पट्टी पकडायला लावा. ती आणखी खाली सापडते. कधी कधी सापडतच नाही.