नावाची पाटी आणि शोधयंत्राची पारख

व्यवसायाचे संकेतस्थळ सुरू करायचे ठरले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो नावाचा. पेढीचे रूढ नाव घ्यावे, की ग्राहक 'गूगल'वर जे शब्द टाकून शोध घेतात तेच जोडून नाव तयार करावे? फर्निचरच्या व्यापाऱ्याला आपल्या शहराचे नाव आणि 'फर्निचर' हे दोन शब्द जोडलेले डोमेन नेम हवेसे वाटते. असे नाव बहुधा कोणीतरी आधीच नोंदवून ठेवलेले असते. ते चढ्या भावाने विकताना 'हे नाव घेतले की तुम्ही पहिल्या पानावर आलातच' असे आश्वासनही दिले जाते. या आश्वासनात तथ्य किती?

एके काळचा खरा लाभ

ही समजूत निराधार नव्हती. शोधयंत्र एखाद्या पानाचा विषय ठरवताना मथळा, मजकूर आणि पत्ता या सर्वांतील शब्द पाहते. त्यामुळे शोधशब्द आणि डोमेन नेम तंतोतंत जुळले, की ते पान त्याच विषयाचे असावे, असा तर्क करणे यंत्राला सोयीचे जाई. शिवाय 'हॉटेल्स डॉट कॉम' अशी अक्षरे टाकणाऱ्याला कोणतेही हॉटेल हवे आहे की त्या नावाचे संकेतस्थळ, हे यंत्राला कळणे कठीण होते. तेव्हा नाव जुळणाऱ्या संकेतस्थळाला वर स्थान देणे हा सुरक्षित मार्ग होता.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये 'गूगल'ची स्थापना केली. त्यांच्या पद्धतीत इतर संकेतस्थळांकडून मिळणाऱ्या दुव्यांना मोठे महत्त्व होते आणि दुव्यावर कोणते शब्द लिहिले आहेत, हेही पाहिले जाई. एखाद्या संकेतस्थळाचा दुवा देताना आपण सहसा त्याचे नावच लिहितो. नावातच शोधशब्द असेल, तर प्रत्येक दुव्याबरोबर त्या शब्दाची शिफारस आपोआप पदरात पडे.

साहजिकच अशा नावांचा बाजार तेजीत आला. 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव 1999 मध्ये 75 लाख डॉलरला विकले गेले. पुढे या लाभाचा गैरवापरही वाढला. लोकप्रिय शोधशब्दांची नावे नोंदवायची, त्यावर चार-दोन पाने निकस मजकूर टाकायचा आणि जाहिरातींवर कमाई करायची, असा धंदाच बोकाळला. शोध घेणाऱ्याच्या हाती मात्र काहीच लागत नसे.

2012 चा बदल

'गूगल'ने यावर उपाय योजला तो 2012 मध्ये. कंपनीच्या स्पॅमविरोधी पथकाचे तत्कालीन प्रमुख मॅट कट्स यांनी 28 सप्टेंबर 2012 रोजी 'ट्विटर'वरून घोषणा केली, की शोधशब्दांशी तंतोतंत जुळणारी, पण दर्जाहीन असलेली डोमेन शोधनिकालांत खाली जातील. अमेरिकेतील इंग्रजी शोधांपैकी सुमारे 0.6 टक्के शोधांवर याचा जाणवण्याजोगा परिणाम होईल, असे त्यांनी सांगितले होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोख जुळणाऱ्या नावांवर सरसकट नव्हता, तर केवळ नावाच्या आधारावर वर चढलेल्या पोकळ संकेतस्थळांवर होता.

'गूगल'च्या क्रमवारी-पद्धतींच्या माहितीपत्रकात आजही या व्यवस्थेचा स्वतंत्र उल्लेख आहे. डोमेनमधील शब्द हा अनेक घटकांपैकी एक असला, तरी त्याला अवाजवी श्रेय मिळू नये याची दक्षता घेतली जाते, असे त्यात म्हटले आहे. संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या प्राथमिक मार्गदर्शिकेत तर डोमेनमधील शोधशब्दांचा एवढ्यानेच क्रमवारीवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे.

कायद्याची बाजू

सर्वसामान्य शब्दांच्या नावाला आणखी एक अडचण असते. ते नाव 'आपले' म्हणून राखणे अवघड जाते. मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये 'रेडिफ'च्या दाव्यात 'रॅडिफ' या मिळत्याजुळत्या डोमेनच्या वापराला मनाई केली आणि डोमेन नेमला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे मान्य केले. 'रेडिफ' हे वेगळे, ओळखू येणारे नाव होते. याउलट 'बुकिंग डॉट कॉम' या नावाला व्यापारचिन्ह मानावे की नाही, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2020 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला, पण तो ग्राहक ते नाव एका विशिष्ट कंपनीचे म्हणून ओळखतात, या आधारावर. नव्या छोट्या व्यावसायिकाजवळ अशी ख्याती कोठून असणार?

मराठी व्यावसायिकाने काय करावे?

मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिताना एकाच शब्दाची तीन-चार रूपे होतात. 'विवाह'सारखा साधा शब्दही कोणी एका 'ए'ने लिहितो, कोणी दोन. त्यामुळे शोधशब्दाशी तंतोतंत जुळण्याचा हिशेब येथे मुळातच डळमळीत असतो. 2014 पासून 'डॉट भारत'अंतर्गत देवनागरीतही डोमेन नेम नोंदवता येते. मराठी वाचकाला ते सहज वाचता येते, हा त्याचा खरा लाभ. लिपीमुळे क्रमवारीत वरचे स्थान मिळेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. 'डॉट इन'मुळे संकेतस्थळ भारतातील ग्राहकांसाठी आहे, एवढा संकेत शोधयंत्राला मिळतो.

तेव्हा नाव निवडताना कसोटी साधी ठेवावी. दूरध्वनीवर एकदा सांगितले, तर ऐकणाऱ्याला ते अचूक लिहिता यावे आणि महिन्याभराने आठवावे. उरलेला पैसा मालाची स्वच्छ छायाचित्रे, दर, पत्ता, दुकानाच्या वेळा आणि ग्राहकांच्या शंकांची उत्तरे संकेतस्थळावर देण्यासाठी खर्चावा. नावात व्यवसायाचा उल्लेख आला तर त्यात गैर काही नाही. ग्राहकाला त्यातून काय मिळते ते कळते. पण पहिल्या पानाची हमी म्हणून कोणी त्यासाठी लाखभर रुपये मागत असेल, तर तो 2012 पूर्वीचा माल आजच्या भावाने विकतो आहे, हे ओळखावे.