एकट्याची चूल आणि बर्फाचा कप्पा

नोकरीच्या गावी एकट्यानं राहणाऱ्या माणसाला स्वयंपाकात सगळ्यांत जास्त कोण छळत असेल, तर ते माप. मेथीची जुडी बांधली जाते ती चौघांच्या घराच्या हिशेबानं. कोबीचा गड्डा अर्धा मागितला तर भाजीवाली हसते. आणि कुकरात एका माणसापुरती मूठभर डाळ लावायची, तर तेवढ्यासाठी गॅस का जाळावा, असा प्रश्न पडतो. बदली होऊन आलेले गुरुजी घ्या, दवाखान्यातल्या नर्सबाई घ्या, किंवा मुलं शहरात गेल्यावर मागं राहिलेल्या आजी घ्या, सर्वांचं गाऱ्हाणं एकच. दोन दिवस हौसेनं रांधायचं, तिसऱ्या दिवशी उरलेलं म्हशीला घालायचं, आणि मग "एकट्यासाठी काय करत बसायचं" म्हणून चहा-बिस्किटावर रात्र काढायची. यात पैसा तर जातोच, पण अंगही झडतं.

आता थोडा हिशेब करू. धरा, वीस रुपयांची जुडी घेतली आणि निम्मी पिवळी पडून टाकली. म्हणजे ती जुडी आपल्याला चाळीसच्या भावानं पडली! बाजारात दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण, उकिरड्यावर गेलेले दहा रुपये मात्र मोजत नाही. म्हणून आठवडी बाजाराला निघताना घरात काय शिल्लक आहे ते आधी पाहावं. आणलेल्या भाजीत पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवावी, मग वांगी-गवार, आणि कोबी, दुधी, लाल भोपळा शेवटी. संध्याकाळी बाजार उठताना वाटे स्वस्त होतात हे खरं. पण तो माल त्याच रात्री निवडून शिजवणार असाल तरच घ्या. शेजारी दुसरे कुणी एकटे राहत असतील, तर गड्डा दोघांत घ्यावा. त्याला फ्रीजही लागत नाही.

ज्यांच्याकडे फ्रीज आहे, त्यांनी वरच्या बर्फाच्या कप्प्याचा उपयोग नुसता बर्फ आणि आइस्क्रीम यांपुरता ठेवू नये. चवळी, राजमा, हरभरा अर्धा किलो रात्री भिजवून सकाळी एकदाच शिजवावा आणि एका जेवणाला लागेल तेवढाच एकेका डबीत भरून गोठवावा. तुरीच्या वरणाचंही तसंच. फोडणी मात्र ज्या त्या दिवशी द्यावी. एक नारळ एकट्याला जड जातो, तो खोवून छोट्या पुड्यांत ठेवावा. थंडीत मटार स्वस्त असतो तेव्हा सोलून, उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं बुडवून लगेच गार पाण्यात टाकावा. ही पायरी चुकवू नका बरं का! दाण्यांतली विकरं थंडीतही हळूहळू काम करत राहतात नि रंग-चव बिघडवतात. उकळत्या पाण्यानं ती थंडावतात. मग फडक्यावर कोरडे करून, ताटलीत पसरून गोठवावेत आणि मगच डब्यात भरावेत, म्हणजे हवे तेवढे मूठभर सुटे निघतात. बटाटा मात्र गोठवू नये, तो भुसभुशीत होतो. काकडी गळते, दही फुटतं, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो.

पुडी पातळ आणि चपटी का करावी, यामागं एक गोष्ट आहे. अमेरिकेतले क्लॅरेन्स बर्ड्सआय १९१२ नंतर काही वर्षं कॅनडाच्या लॅब्राडोर प्रदेशात होते. तिथल्या कडाक्याच्या थंडीत पकडलेला मासा पाहता पाहता गोठे, आणि महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागे. सावकाश गोठताना पदार्थातल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि ते पेशी फाडतात. झटपट गोठलं की स्फटिक बारीक राहतात. या तत्त्वावर त्यांनी यंत्र बनवलं आणि १९३० साली स्प्रिंगफील्ड गावात गोठवलेले पदार्थ दुकानांतून विकायला ठेवले. आपली चपटी पुडी लवकर गोठते, ती त्याच न्यायानं.

आता सर्वांत महत्त्वाचं. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, ते फक्त झोपतात. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान ते झपाट्यानं वाढतात, म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत थंड करून आत गेलं पाहिजे. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मधोमध तासन्‌तास कोमट राहतं; परातीत पसरावं, पातेलं गार पाण्यात ठेवावं. भाताच्या बाबतीत तर विशेष जपावं. तांदळावरच्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि भात उघडा राहिला तर ते जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. सकाळचा ओट्यावर राहिलेला भात रात्री फोडणीला टाकण्याची सवय म्हणूनच धोक्याची. गोठवलेली डबी आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवावी, चांगली उकळी आणावी, आणि एकदा सुटलेलं पुन्हा गोठवू नये. डबीवर तारीख लिहिलेली असावी. दीर्घकाळ टिकवायला उणे १८ अंश लागतात. साध्या एकदारी फ्रीजच्या कप्प्यात एवढी थंडी बहुधा नसते, तेव्हा शिजवलेलं दोन-तीन आठवड्यांत संपवलेलं बरं.

आणि वीज? ती तर आपल्याकडे न सांगता जाते. वीज नसताना दार उघडू नये, भरलेला कप्पा रिकाम्यापेक्षा जास्त वेळ गार राहतो. सुट्टीत गावी जाणार असाल, तर एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर हरकत नाही. ते तळाशी गेलेलं दिसलं, तर मागं सगळं विरघळून पुन्हा गोठलेलं आहे असं समजा, आणि डब्या कितीही कडक लागल्या तरी आतलं अन्न खाऊ नका.